तोंडानं फुगवलेली गादी

मी हवेची गादी बोलतेय. डोंगरावर मुक्कामाला जाणाऱ्यांची. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी, वजनाला अर्धा किलोसुद्धा नाही. माझ्यासोबत हवा भरायची एक पिशवी आली होती. ती वाऱ्यावर धरून भरायची, माझ्या व्हॉल्व्हला लावायची, तोंड गुंडाळून दाबायची. बस्स, एवढंच काम होतं.

पण माझा मालक पडला बँडमधला ट्रम्पेटवाला. त्याला आपल्या छातीचा कोण तोरा! पहिल्याच मुक्कामाला मित्रांना म्हणाला, "पिशवी कसली लावताय? मोजा, पंधरा फुंकांत फुगवतो!" टाळ्या पडल्या आणि पिशवीत त्याचे मळके मोजे गेले.

"बाबा, तोंडाची वाफ आत साचते. बुरशी धरेल," लेक सांगायची.

"अगं, फुंकण्यातलं तू मला शिकवतेस?"

त्याला कळत नव्हतं असं नाही, म्हणून तर माझा जळफळाट व्हायचा. ट्रम्पेट वाजवून झालं की आतलं पाणी निथळून टाकायचा, मऊ फडक्यानं पुसायचा. त्याचे लाड! मला मात्र ओलीच गुंडाळून माळ्यावर कोंबायचा. मी आतून काळी पडत गेले.

मग मीही ठरवलं, याचा श्वास यालाच परत करायचा. दोन फुंकांच्या मध्ये तो व्हॉल्व्हवरून तोंड काढायचा नाही. तेवढ्यात मी माझी कडवट हवा त्याच्या घशात सोडायचे. चार वर्षं सोडली. आधी घसा खवखवला, मग खोकला मुक्कामालाच आला.

मोठ्या कार्यक्रमात त्याला एकट्यानं वाजवायला मिळालं. वीस वर्षं त्यानं याची वाट पाहिली होती. ऐन वरच्या सुराला त्याला खोकल्याची उबळ आली आणि उरलेलं दुसऱ्यानं वाजवलं. घरी आल्यावर तो जेवलासुद्धा नाही.

डॉक्टरांनी बुरशीचं नाव काढलं तशी लेकीनं मला खाली ओढलं आणि मागून बॅटरी धरली. "बघ बाबा. हे तू छातीत घेत होतास."

त्यानं काळ्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

आता मी गॅलरीत सावलीला, व्हॉल्व्ह उघडा टाकून वाळतेय. समोर खुर्चीत तो बसलेला असतो. फुंकणं कायमचं बंद. मला दया येत नाही.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिला पिशवीनं हवा द्या, वाळवून ठेवा. मायेनं नाही जमलं तर भीतीनं करा.

माळ्यावरची माझी जागा रिकामी नाही. तिथं त्यानं ट्रम्पेटची पेटी ठेवलीय.