टेकडीवर एकही घर पूर्ण नाही

तपासनीसाच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी मोठ्या घरांच्या कराला सहा वर्षे पुरी होत आली होती. सहा वर्षांत या कराने शहराच्या तिजोरीत जे आणले, त्यातून नगरपालिकेच्या कचेरीचे फाटकसुद्धा धड रंगवून झाले नसते.

कर बसवला तेव्हा भाषणे दणदणीत झाली होती. ज्यांच्या घरात दहाच्या वर खोल्या आहेत त्यांनी शहराला थोडे जास्त द्यावे, आणि त्यातून सरकारी रुग्णालयातला लहान मुलांचा विभाग चालावा, अशी साधी गोष्ट. पण नियमात एक वाक्य होते : बांधकाम चालू असलेल्या घराला हा कर नाही. ते वाक्य कोणी घातले हे आता कोणालाच आठवत नाही. ते सगळ्यात आधी वाचले मात्र टेकडीवरच्या लोकांनी! वर्ष उलटायच्या आत टेकडीवरची चांगली उभी घरे अपूर्ण झाली. कोणी गच्चीचा कठडा पाडला, कोणी मागच्या जिन्याच्या पायऱ्या उपटल्या. एका बाईंनी तर दिवाणखान्याच्या मधोमध वाळूचा ढीग ओतून घेतला आणि पाहुण्यांना त्या ढिगाला वळसा घालून सरबत दिले. ही माणसे त्याच घरांत निजत होती, जेवत होती, वाढदिवसाला बँड लावत होती. कागदावर मात्र ती बिचारी बेघर होती.

घर पूर्ण झाले की नाही हे दरवर्षी जाऊन पाहायचे आणि तसे लिहून सही करायची, हे तपासनीसाचे काम. माणूस वाईट नव्हता. त्याने कधी कोणाचा पैसा घेतला नव्हता आणि याचा त्याला भारी अभिमान होता. भिंत अर्धी दिसली की तो 'अपूर्ण' लिहायचा. भिंत अर्धी का आहे, हे विचारणे आपले काम नव्हे, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. अशी ठरवलेली मने कचेऱ्यांत पुष्कळ असतात.

त्या वर्षी मुलांचा विभाग बंद झाला. दुसऱ्याच आठवड्यात पाणीपट्टी वाढली. कचेरीत चहाच्या वेळी यावरच बोलणे चालले होते.

"श्रीमंतांवर कर ही बोलायला सोपी गोष्ट आहे," साहेब बिस्कीट बुडवत म्हणाले. "वसूल करून दाखवा! पैसा आज इथे, उद्या परदेशात. शेअर मोजायला जावं तर सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा. मोजलंच, तर ते कोर्टात जातात. त्यांचा वकील एका तारखेला घेतो तेवढा तर आपल्या वकिलाचा वर्षाचा पगार. आणि फार ताणलं तर शहर सोडून जातील. मग बसा टाळ्या वाजवत."

"आणि पाणीपट्टी?" एका कारकुनाने विचारले.

"तिचं काय? ती एका बैठकीत वाढली."

सगळे हसले. तपासनीसही हसला, आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने टेकडी चढू लागला.

त्याला जायचे होते ते टेकडीवरच्या सगळ्यात मोठ्या बंगल्यात. त्याच्या मालकाला खाली बाजारात लोक 'अपूर्णराव' म्हणत. या अपूर्णरावांची युक्ती टेकडीवर नावाजलेली होती. ढीग, खड्डा असले फुटकळ प्रकार त्यांना मान्य नव्हते. बांधकाम चालू म्हटले म्हणजे ते चालू दिसले पाहिजे! म्हणून त्यांनी पगारावर एक मिस्त्री ठेवला होता. मिस्त्री सकाळी येई, पूर्वेकडच्या भिंतीवर विटांचे दोन थर चढवी, दुपारी डबा खाई, आणि संध्याकाळी, चुना ओला असतानाच, ते दोन्ही थर उतरवून विटा धुऊन रचून ठेवी. सहा वर्षे हे चालले होते. त्या विटांचे कोपरे झिजून गोटे झाले होते.

"काय मिस्त्री, कुठवर आलं काम?" तपासनीसाने नेहमीप्रमाणे विचारले.

"येतंय की साहेब, येतंय," मिस्त्री थापी न थांबवता म्हणाला. "पोरगी डॉक्टर होईपर्यंत तरी संपू नये, एवढीच इच्छा."

तेवढ्यात मालक आले. अंगावर रेशमी झगा, चेहऱ्यावर जगाने छळल्याचा भाव.

"तपासनीससाहेब, हा कर नाही, मत्सर आहे मत्सर! या हातांनी किती घरं चालतात, विचारा या मिस्त्रीला. तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणे. कुठे करताय?"

"हॉल बघतोय. परवडेल असा मिळत नाही. तिकडची माणसं बरीच आहेत."

"हॉल कशाला? हे हिरवळीचं अंगण कोणासाठी आहे? इथे करा. मांडव माझा, दिवे माझे, स्वयंपाकघर माझं. पै देऊ नका. अहो, मुलगी काय तुमची एकट्याची आहे?"

तपासनीसाला गहिवरून आले. ही लाच आहे असे त्याला वाटलेच नाही, कारण तिच्यात नोटा नव्हत्या. त्याने सहीचे काम दोन दिवसांवर टाकले आणि आधी घरी ही बातमी नेली.

घरात आनंदाला उधाण आले. बायको म्हणाली, "अहो, व्याही बघतच राहतील!" मुलीने मैत्रिणींना फोन लावले. तपासनीसाची आत्या तेवढी कोपऱ्यात चष्मा पुसत बसली होती. तिनेच त्याला आईमागे वाढवले होते. सरकारी रुग्णालयात मुलांच्या विभागात तिने उभा जन्म परिचारिका म्हणून काढला होता. आता ती पलीकडच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि रात्रीच्या जेवणाला इकडे येत होती.

"आत्या, तू काहीच बोलत नाहीस?"

"मी माझ्या घराचा विचार करतेय. नळ गळतो, दार फुगून लागत नाही, पाऊस आला की भिंतीला ओल येते. तरी ते पूर्ण! त्याचा कर मी भरते. आणि तिथे चौदा न्हाणीघरं आहेत, तो बंगला अपूर्ण. कोण रे लिहितो हे?"

"नियम आहे तसा. मी काय करणार?"

"नियमात भिंत रोज पाडायला सांगितलीय?"

"आत्या, तुला कळत नाही. श्रीमंतांवर कर बसवणं फार अवघड असतं. पैसा पळून जातो."

"पैसा पळतो, मान्य. पण बंगला पळतो का रे? टेकडीवरून उतरून, सामान घेऊन, आगगाडीत बसतो का?"

मुलगी खुदकन हसली. आत्या हसली नाही.

"अवघड आहे, मी नाही म्हणत नाही. त्यांचं सोनं कुठे, शेअर कुठे, मला काय माहीत, तुला काय माहीत. पण जे डोळ्यांसमोर आहे, जे हलत नाही, जे तू दरवर्षी हाताने चाचपून येतोस, ते तरी मोज! दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. इथे सहा वर्षं आमचेच दात कोरताहेत, आणि हत्ती दारात उभा आहे तो कोणाला दिसत नाही. माझ्या विभागात शेवटच्या दिवशी बारा पोरं होती, मी स्वतः जाऊन बघून आले. त्यांना दुसऱ्या शहरात न्या म्हणून सांगितलं आयांना. एकीनं विचारलं, कशानं नेऊ? तिला काय सांगायचं? मालकांची भिंत व्हायचीय?"

"आत्याबाई, लग्नघरात असलं काही बोलू नका," बायको कळवळून म्हणाली.

"बरं, नाही बोलत. लग्नाची जागा तरी बघू दे मला."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आत्याला घेऊन टेकडीवर गेला. पत्रिका छापायला द्यायच्या होत्या, म्हणून पत्ता आणि वेळही विचारून घ्यायची होती.

मालकांनी खुर्च्या मागवल्या. आत्या बसली नाही. ती मिस्त्रीकडे बघत राहिली. तो विटा रचत होता, मन लावून, ओळंबा लावून, जणू वर किल्लाच उभा राहणार आहे.

"दोन-चार बारीक गोष्टी आहेत," मालक हसत म्हणाले. "पाहुण्यांनी मागच्या फाटकाने यावं. पुढचं फाटक बंद राहील. आणि फोटोत घर येता कामा नये. झाडांकडे तोंड करून काढा, झाडं सुंदर आहेत. घर राहण्याजोगं नाही असं कागदावर आहे ना? उद्या कोणी फोटो दाखवला तर पंचाईत माझी नाही, सही तुमची आहे. मी तुमच्याच काळजीनं सांगतो."

"आणि पत्रिकेत पत्ता?" तपासनीसाने विचारले.

"पत्ता नको! छे छे. पत्रिकेत 'स्थळ नंतर कळवू' असं छापा. तोंडी सांगा सगळ्यांना. आणि हो, मिस्त्री त्या दिवशीही काम करेल. थोडी ठकठक होईल, पण बँडमध्ये कोणाला ऐकू येतेय?"

तपासनीसाने अंगणाकडे पाहिले. लेकीचे लग्न, आणि पत्रिकेवर पत्ता नाही! तिचा फोटो, आणि पाठीमागे जे आहे ते दिसायचे नाही! व्याही विचारतील, कुठे आहे हो लग्न? आणि आपण त्यांना कानात सांगायचे, चोरीच्या मालासारखे! पाहुण्यांना मागच्या फाटकाने आत घ्यायचे! मिस्त्रीची थापी वाजत होती, आणि त्याला आज पहिल्यांदा वाटले, की या अंगणात पगारावर ठेवलेली माणसे दोन आहेत. एक वीट चढवतो नि उतरवतो. दुसरा दरवर्षी येऊन सही करतो. त्यातल्या त्यात मिस्त्री बरा, तो आपण काय करतो हे जाणून तरी होता!

"पै घेतली नाही कधी," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"काही नाही. मिस्त्री, थापी खाली ठेवा."

"अहो, त्याचं काम..."

"त्याचं काम झालंय. सहा वर्षांपूर्वीच झालंय." त्याने भिंतीवर हात ठेवला. "मालक, या घराला भिंती आहेत, छप्पर आहे, दारं-खिडक्या आहेत, आणि आत तुम्ही राहता. घर पूर्ण आहे."

मालकांच्या चेहऱ्यावरचा छळ एकदम उतरला आणि खालचा खरा चेहरा वर आला.

"तुम्ही विसरताय तुम्ही कोण आहात! मी कोर्टात जाईन. शहर सोडून जाईन!"

"जा की बाबा," आत्या शांतपणे म्हणाली. "पण जाताना घर राहू दे इथेच."

त्याच संध्याकाळी तपासनीसाने 'पूर्ण' लिहून सही केली. साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुम्हाला काय चावलं? निवृत्तीला पाच वर्षं राहिली तुमची!" पण कागदावर सही झाली होती, आणि तिची बातमी खाली बाजारात पोचली होती. लोक विचारू लागले, एक पूर्ण तर बाकीची अपूर्ण कशी? पुढच्या महिनाभरात तपासनीसाने टेकडीवरच्या सगळ्या घरांवर तेच लिहिले. वाळूच्या ढिगाला तो स्वतः वळसा घालून गेला नाही. ढिगावरून बुटांसकट चालत गेला.

मुलीचे लग्न नगरपालिकेच्या शाळेच्या पटांगणात झाले. मुलगी आधी दोन दिवस रुसली होती आणि बायको चार दिवस बोलत नव्हती, हे खोटे कशाला सांगा? जेवण साधे होते, बाके लहान मुलांची होती, जाडजूड पाहुणे त्यांत अडकत होते आणि हसत होते. पत्रिकेवर पत्ता ठळक अक्षरांत होता.

पुढे सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. तपासनीसाची बदली जन्ममृत्यू नोंदणीच्या खोलीत झाली. मालक खरेच कोर्टात गेले आणि खटला तीन वर्षे चालला. टेकडीवरची दोन कुटुंबे शहर सोडून गेली. त्यांचे बंगले दुसऱ्यांनी घेतले आणि कर तेच भरू लागले. मिस्त्रीचा पगार बंद झाला, आणि त्याला कोणी बक्षीसही दिले नाही. पहिल्या वर्षी निम्माच कर आला. सोने, शेअर आणि परदेशातला पैसा अजूनही कोणी धड मोजू शकलेले नाही. पण त्या निम्म्यातच मुलांच्या विभागाचे दार उघडले.

तेव्हा नागरिकहो, श्रीमंतांवर कर बसवणे अवघड आहे असे कोणी सांगितले, तर खुशाल मान्य करा. ते अवघड आहेच. मग त्याला एवढेच विचारा, की गरिबावर कर बसवताना ही अडचण कुठे जाते? गरिबाची पाणीपट्टी वाढवायला एक बैठक पुरते आणि श्रीमंताचे घर मोजायला जन्म पुरत नाही, याचे कारण गणितात नाही, आपल्या वाकलेल्या मानेत आहे. ज्याने शहराचे रस्ते वापरले, शहराचे पाणी प्यायले, शहराच्या माणसांच्या कष्टावर चौदा न्हाणीघरे बांधली, तो शहराचे देणे लागतो. ते देणे चुकवण्यासाठी जो आपलेच घर पाडून दाखवतो, तो हुशार नव्हे. तो भिकारी आहे, फक्त रेशमी झग्यातला. आणि त्याच्या भिंतीकडे बघून जो मुकाट सही करतो, त्याने आपण पै घेतली नाही म्हणून छाती फुगवू नये!

आत्या लग्नानंतर दीड वर्षाने, जानेवारी महिन्यातल्या एका बुधवारी पहाटे, झोपेतच वारली. तिचे वय एक्याऐंशी होते. मृत्यूची नोंद तपासनीसाने स्वतःच्या हाताने केली.