मुहूर्ताचा नारळ

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला सात वर्षं होऊन गेली होती. औरंगाबादेत शहागंजातल्या घरी आप्पासाहेबांच्या तिसऱ्या चित्रपटाचा मुहूर्त होता. आधीचे दोन आपटले होते.

आत थोरली बहीण सारजाबाई पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटत होती. चौदाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परतली, आणि आईवेगळ्या भावाला तिनंच वाढवलं. चित्रपटाची बालविधवेची कथा तिचीच होती. तिचे बोल आप्पासाहेबांनी जसेच्या तसे लिहून घेतले होते.

चित्रपट थेटरांत लावायची हमी बद्रीनाथशेठनं घेतली होती. त्यानं आप्पासाहेबांना बाजूला ओढलं.

"मुहूर्त होईस्तोवर तुमच्या आक्काला आत ठेवा. आधीचे दोन का पडले? जरा इचार करा."

आप्पासाहेबांनी मान डोलावली. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. "आक्का, जरा वेळ…"

"ऐकलं म्या," पोळी उलटत सारजाबाई म्हणाली. "लाव कडी. पर सिनेमातल्या पोरीला तरी कोंडू नगंस."

त्यांनी कडी लावली.

अंगणात विधवेच्या वेशातली नटी कॅमेऱ्यासमोर उभी होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. आणि बद्रीनाथशेठ हसत हसत तिच्या गळ्यात हार घालत होता! आप्पासाहेबांना स्वतःचीच शिसारी आली. ते मागं फिरले, दार उघडलं आणि पिठाच्या हातानंच आक्काला बाहेर घेऊन आले.

"नारळ आक्का फोडंल."

"मग तुमचा सिनेमा तुम्हीच लावा!" शेठ ओरडला.

"लावीन."

शेठ तणतणत निघून गेला. सारजाबाईचा पहिला घाव वाया गेला. तिनं पदर खोचला. दुसऱ्या घावाला नारळ फुटला.

चित्रपट पुरा व्हायला दीड वर्ष लागलं. एकही थेटर मिळालं नाही. आप्पासाहेब एसटीच्या टपावर फिल्मच्या पेट्या टाकून गावोगाव तंबूत खेळ लावू लागले.

फुलंब्रीत अर्ध्या खेळातून साळूबाई नावाची म्हातारी ताडकन उठून चालती झाली. आप्पासाहेब तंबूच्या दाराकडे धावले. आता तिच्यामागं लोक उठून तंबू मोडणार!

म्हातारी परतली ती विधवा सुनेचा हात धरून. पाच वर्षांत ती पोर चारचौघांत आली नव्हती. बायका अंग चोरू लागल्या.

"सरा की गं," साळूबाई गरजली, "माझ्या सुनंला फुडून बघू द्या!"

कुणी हललं नाही. मग एक सरकली. तिच्या शेजारची सरकली. सुनेपुरती जागा झाली.