‘धन्यवाद’च्या खालचे बटण

एक पिवळा लोकरी हातमोजा.

चार हा आकडा.

तीन माणसे, एकमेकांशी न बोलता.

खिडकीशी कोट घालून बसलेली एक बाई.

मित्रांनो, हे सगळे माझ्याच आयुष्यातले आहे. नीट ओळीने लावायचा मी प्रयत्न करतो.

मी एक जुना पडदा आहे, बोटाने दाबायचा. मिनेसोटातल्या एका लहान गावात, डायलिसिस केंद्राच्या बाहेरच्या खोलीत, मला भिंतीवर लावले होते. चार-चार तास यंत्राला जोडलेली माणसे सुटली की थकून माझ्यासमोर येत आणि पुढच्या खेपेची गाडी मागत. मी ठरवली तर गाडी त्यांच्या दाराशी जाई. नाही ठरवली तर जात नसे.

व्हर्ना लिंडक्विस्ट सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येई. लोकरीतले बोट मला कळत नाही, म्हणून ती हातमोजा काढून माझ्या डोक्यावर ठेवी.

“तीस वर्षं शाळेची बस चालवली मी,” ती टेबलामागच्या बेव्हला सांगे. “एक पोर रस्त्यावर सोडलं नाही. आणि आता या डबड्याच्या पाया पडायचं!”

“पड, पण बेतानं. उचलायला मीच आहे इथे,” बेव्ह म्हणे.

माझ्यात एक खोट होती. गाडीची वेळ निवडली की मी लगेच ‘धन्यवाद’ म्हणायचो. खरे तर काम तेव्हा अपुरेच असायचे. पक्के करायचे बटण त्या शब्दाच्या खाली, पडद्याच्या कडेपलीकडे दडलेले होते. बोट चुकून सरकले तर ते दिसे. नाही सरकले, तर मिनिटभराने मी सगळे पुसून टाकी आणि नोंद करी: ‘प्रवाशाने रद्द केली.’

ऑक्टोबरात व्हर्नाची गाडी आली नाही.

“मी रद्द केली? मी?” दुसऱ्या दिवशी ती शेजाऱ्याच्या ट्रकमधून येऊन ओरडली. “अगं बेव्ह, मला मरायची एवढी घाई असती तर मी इथलं सँडविच खाल्लं असतं!”

आणखी काहींचेही तसेच झाले. तेव्हा केंद्राचे व्यवस्थापक कर्टिस यांनी मला तपासायला बाहेरचे तीन तज्ज्ञ बोलावले. मला फार आनंद झाला. आपल्याला कोणीतरी नीट पाहणार, असे वाटले.

त्यांची रीत अशी होती. तिघांनी वेगवेगळे यायचे, एकमेकांशी बोलायचे नाही, दोष लिहायचे आणि प्रत्येकापुढे आकडा मांडायचा. एक म्हणजे किरकोळ, चार म्हणजे घातक.

दोघे उभे राहून भराभर बोटे फिरवून गेले. तिसऱ्या मार्गरेट ओक्स. त्या चार तास आत रुग्णांजवळ बसल्या, मग बाहेर येऊन खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. ‘धन्यवाद’ वाचून थांबल्या. हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. मी सगळे पुसले. त्यांनी कागदावर चार लिहिले.

याद्या एकत्र झाल्या त्या माझ्यासमोरच, दुपारच्या जेवणाला. कर्टिस यांनी प्रत्येक दोषाची सरासरी काढली होती. दडलेल्या बटणाचा दोष दोघांना दिसलाच नव्हता. त्यांचे शून्य धरले.

“सरासरी दीडसुद्धा नाही येत,” ते म्हणाले. “दुरुस्तीला आपण दोनच्या वरचेच घेतोय.”

“अहो, ज्यांना दिसलं नाही त्यांचं शून्य कसं धरता?” ओक्स म्हणाल्या. “सगळ्यांना सारखंच दिसत असतं, तर तिघांना कशाला बोलावलंत?”

“मार्गरेट, तुमचं बरोबर असेलही. पण दोन विरुद्ध एक आहे ना.”

बाकी दोघे सँडविचमधली काकडी काढत बसले.

मग मला सुधारले. ‘धन्यवाद’ची अक्षरे बारीक आहेत, यावर तिघांचे एकमत होते. ती मोठी केली. शेजारी हसरी गाडी काढली. बटण आणखी खाली गेले.

सगळ्यांनी माझी वाहवा केली. “काय देखणा झालायस रे!” व्हर्नाही म्हणाली. तो शुक्रवार होता. ‘धन्यवाद’ वाचून ती खूश झाली आणि हातमोजा माझ्या डोक्यावरच विसरून गेली.

सोमवारी ती खिडकीशी कोट घालून बसली होती, असे शेजाऱ्याने नंतर बेव्हला सांगितले. बर्फ साचले होते; गाडीवाल्यांच्या मोठ्या गाड्या तेवढ्या चालू होत्या. त्याचा ट्रक निघाला नाही. तिने फोन केला, तेव्हा गाडीवाल्यांनी नोंद वाचून दाखवली आणि आता दुसरी गाडी मोकळी नाही म्हणाले. बुधवारी रस्ता मोकळा झाला, पण तोवर ती गेली होती. यंत्राजवळची तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझ्या जागी नवा पडदा आहे. त्यावरही हसरी गाडी आहे, असे ऐकतो.

मित्रांनो, शेवटी काही विनंती करायची रीत आहे. एकालाच दिसलेला दोष इतरांच्या शून्यांत विरघळवू नका, असे मी म्हणेन. पण ऐकायला इथे मोडक्या खुर्च्याच आहेत.

मला भिंतीवर लावले त्या दिवशी कारागिराने स्वतःसाठी एक गाडी मागून पाहिली होती, आणि ‘धन्यवाद’ वाचून तोही निघून गेला होता.