तिसऱ्या फळीवरचे आठशे डबे

आठवडाभर ऑफिसातलं मुख्य यंत्र रोज मान टाकत होतं, आणि दर वेळी शेवटचा हात काकांनीच लिहिलेल्या फंक्शनचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्याचा, लागलेला असायचा. काका खात्यातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. नात्याने कोणाचेच नाहीत, तरी सगळ्यांचे काका. आज चार वाजता मॅनेजरबाई त्यांना कर्नलच्या, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमच्या, कामावरून काढणार, हे लिफ्टमनलाही ठाऊक झालं होतं.

काकांच्या हाताखालच्या तरुण प्रोग्रॅमर मुलीला ते काही केल्या पटत नव्हतं. काकांनीच तिला बोट धरून हे काम शिकवलं होतं. यंत्र कोसळताना आपली सगळी मेमरी एका फाइलीत टाकून जातं, ती फाइल एका टूलमध्ये उघडून बघायची. पण ते टूल भलतंच घुमं! कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ते सांगणार, सोबत काय धाडलं त्याचे मात्र नुसते आकडे. तीन, आठशे. कशाचे तीन नि कसले आठशे, देव जाणे. शेवटी तिने कंबर कसली. प्रत्येक आकड्याशेजारी त्या पॅरामीटरचं, म्हणजे धाडलेल्या गोष्टीचं, नाव दिसेल असं टूल ती चार दिवस घडवत होती.

आज ते तयार होत असताना, जेवणानंतरच्या सुस्तीत, पंख्याच्या घुरघुरीत तिचा डोळा लागला.

जिना खाली, आणखी खाली उतरत होता. प्रत्येक मजल्यावरचं माणूस खालच्याला चिठ्ठी देत होतं, आणि चिठ्ठीवर फक्त आकडे. तळाशी, मऊ पिवळ्या उजेडात, काका डब्यांच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडाले होते.

"तिसऱ्या फळीवरून आठशे डबे काढा म्हणे. एवढे आहेत कुठे तिथे?"

"कोण म्हणालं, काका?"

काकांनी वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. ती एक मजला वर गेली. चिठ्ठी देणारी पाठमोरी उभी होती. वेणी तिची स्वतःचीच होती.

ती दचकून उठली. स्क्रीनवर नावं आली होती. स्टार्ट तीन, काउंट आठशे. बोलावणारी ओळ तिची. आठशेपासून पुढे तीन मागायचे होते, तिने क्रम उलटा लिहिला होता. नावं लपवायची सोय तिनेच ठेवली होती. एक बटण दाबलं की पुन्हा नुसते आकडे, कुणाला पत्ताही लागला नसता. तिचं बोट बराच वेळ त्या बटणावर होतं, खोटं कशाला बोला.

चार वाजता तिने नावांसकट स्क्रीन सगळ्यांपुढे धरली.

"चूक माझ्या ओळीत आहे. काकांचं फंक्शन चोख आहे."

मॅनेजरबाईंनी काकांना काढायचा कागद परत फायलीत घातला. काकांनी चष्मा काढला.

"सोमवारीच वाटलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"नुसत्या आकड्यांवरून तुझं नाव घेऊ? पूर्वी घेतलं असतं. आता माझीच मला खात्री वाटत नाही गं. चुकून तुझ्यावर आळ आला असता तर?"

तिने अक्षरं मोठी केली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"वाचा काका."

"स्टार्ट तीन," ते मोठ्याने वाचू लागले. "काउंट आठशे. म्हणजे बरोबर होतं की माझं!"