झोपेतलं मत

बमरोलीच्या त्या वस्तीत आता घरोघरी नळ आहेत, तरी चंद्रभागाच्या तोंडी अजून मागच्या ओळीतला तो पहिलाच नळ असतो. तो मिळवायला तिचा नवरा झोपूनच बैठकीला गेला होता.

साल पंच्याण्णव. वस्तीला नळ एक, तोही पुढच्या ओळीत. मागच्या ओळीतल्या बौद्ध बायकांच्या कळशा रांगेत शेवटी. तसं कुणी ठरवलं नव्हतं म्हणे, फक्त रोज तसंच व्हायचं. मग नळ बसवून देणाऱ्या संस्थेच्या स्वातीबेन आल्या, म्हणाल्या, दुसरा नळ देऊ, जागा तुम्ही ठरवा. मत द्यायला दोन्ही ओळींचे पाच-पाच हजर पाहिजेत, नाहीतर नळ भेस्तानच्या वस्तीला जाईल. बैठक सकाळी अकराला.

अकराला मागची निम्मी ओळ कापडाच्या लूमवर आणि निम्मी रातपाळी करून झोपलेली. चंद्रभागा धरून चार बायका जमल्या. पाचवं माणूस मिळेना, तेव्हा चौघींनी खाटेचे चार पाय धरले आणि चंद्रभागाचा नवरा रामजी झोपलेलाच बैठकीत आणून ठेवला.

"आजारी आहेत का?" स्वातीबेननी विचारलं.

"नाही बेन, हजर आहेत."

स्वातीबेननी वहीत 'हजर' लिहिलं. जागं असण्याबद्दल नियमात काही नव्हतं.

पुढच्या ओळीचे शालिग्रामदादा म्हणाले, "नवा नळ जुन्याशेजारीच बसवा. जोडी राहील."

त्यांच्या बाजूचे पाच हात वर गेले. खाटेवरून सहावा गेला.

रामजीची बोटं हवेत गाठ मारत होती.

"हे मत नाही बेन," चंद्रभागा म्हणाली. "लूमवरची तुटलेली तार जोडतायत. बारा तास तेच करतात, झोपेतही सुटत नाही."

"हात वर तो वर," शालिग्रामदादा म्हणाले. "हजर म्हणून तुम्हीच आणलंत ना?"

स्वातीबेन त्या बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वही मिटली.

"रामजीभाई उठतात कधी?"

"पाचला."

"मग बैठक साडेपाचला, तुमच्या ओळीत. वेळ मी चुकीची धरली."

साडेपाचला मागच्या ओळीची सगळी रातपाळी आली, तोंड न धुताच. पाणी नव्हतं. मत देणारे त्यांचे पाच हात मागच्या नळासाठी वर गेले, रामजीचा या वेळी डोळे उघडे ठेवून. सहावा हात शालिग्रामदादांच्या बायकोचा, शोभाबाईंचा.

"मागंच बसू द्या," त्या म्हणाल्या. "आपली रांग तरी निम्मी होईल."

घरात पाणी त्याच भरायच्या.

लूम सुटून रामजीला आता बरीच वर्षं झाली. दुपारी डोळा लागला की अजून त्याचा हात वर जातो. चंद्रभागा तो अलगद खाली ठेवते.

"अहो, बसला नळ. झोपा आता."