गरम पाण्याच्या रांगेत

मी बादली बोलतेय. निळी, प्लास्टिकची, पांढऱ्या कडीची. यंत्रातून बाहेर पडायला मला अर्धं मिनिट लागलं, त्यामुळे बालपणाविषयी सांगण्यासारखं फारसं नाही.

विद्यापीठाच्या होस्टेलला निघालेली एक मुलगी आणि तिची आई हातात यादी घेऊन दुकानात आल्या. आईने माझ्या बुडावर बोटांनी टकटक केलं, कडी तीनदा ओढून पाहिली आणि म्हणाली, "ही टिकेल." मुलीने मान डोलावली. तिला हिरवी हवी होती, हे मला तिच्या नजरेवरून कळलं.

प्रवासात माझ्यात उशी, चपला आणि साबणाची डबी कोंबली होती. खोलीत पोचल्यावर आईचे डोळे भरून आले. बाबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पंखा चालतोय की." मग दोघं गेले.

आमच्या मजल्यावर गरम पाण्याचा नळ एकच, व्हरांड्याच्या टोकाला, सकाळी सहा ते साडेसात. तिथे रांगेत मुली उभ्या राहत नाहीत, बादल्या राहतात. उठून बादली लावायची आणि परत पांघरुणात शिरायचं. जिची भरते तिने पुढची नळाखाली ओढायची. पद्धत चांगली आहे. मला उभं राहण्याचा कंटाळा नाही.

पहिल्या सकाळी मी तिसरी होते. माझी मुलगी टॉवेल घेऊन आली तेव्हा मी नववी होते. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, सगळा मजला तिला ताई म्हणायचा. तिने विचारलं, "तुझी का गं ही? मागे घेतली, चालेल ना?"

माझी मुलगी हसली. "असू दे, असू दे."

त्या दिवसापासून मी रोज तिसरी लागायचे आणि रोज नववी व्हायचे. नंबर यायचा सात पंचविसला. पहिलं लेक्चर आठचं, वर्ग वीस मिनिटांच्या अंतरावर, आणि ते शिकवणारे सर आठच्या ठोक्याला दार लावून घ्यायचे. एकदा तिने थंड पाण्याने आंघोळ करून पाहिली. नंतर चार दिवस शिंकत होती.

तिच्या खोलीतली दुसरी मुलगी, चष्मेवाली, संध्याकाळी आंघोळ करायची, म्हणून तिला रांगेचं सोयरसुतक नव्हतं. "अगं, सांग की त्यांना!" ती म्हणायची.

"त्या मोठ्या आहेत गं. नव्यांनी मागेच राहायचं असेल इथे."

"असं कुठे लिहिलंय?"

"सगळं लिहिलेलं थोडंच असतं?"

आईचा फोन यायचा. गरम पाणी मिळतं ना? "हो, मिळतं की." हे खोटं नव्हतं. मिळत होतं, नवव्या नंबरला.

दोन महिन्यांनी ऑफिसातून पत्र आलं. आठच्या विषयाचं आता एकही लेक्चर बुडालं तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. त्या संध्याकाळी ती उशीत तोंड खुपसून रडली. मला फार वाईट वाटलं. मग तिने घरी फोन लावला. "बाबा, मला नाही जमत इथे. मी कायमची येते."

बाबांनी गाडीची वेळ पाहिली. "उद्या दहाची गाडी आहे," ते म्हणाले. "मी स्टँडवर घ्यायला येतो."

सकाळी बॅग भरून तयार होती. मला नेहमीप्रमाणे तिसरी लावलं होतं, पण आज मुलगी सव्वासहालाच आली. ताईने माझी कडी धरलीच होती.

"आज नको," माझी मुलगी म्हणाली. "मला लवकर आवरायचंय."

ताईने मला खाली ठेवलं. "मग घे की. एरवी तुझं लेक्चर दहाचं असतं ना?"

"आठचं असतं."

"रोज?"

"रोज."

ताईने माझ्याकडे पाहिलं, मीच काहीतरी लपवल्यासारखं. "अगं बाई! मग बोलली का नाहीस? ज्यांना उशिरा जायचं असतं त्यांच्या बादल्या आम्ही मागे घेतो. तू चालेल म्हणालीस, आम्हाला वाटलं, हिला घाई नसते."

म्हणजे दोन महिने सगळा मजला तिला सुखी समजत होता.

साडेसहाला तिची आंघोळ झाली. सातला ती तयार होऊन पलंगावर बसली, शेजारी बॅग. चष्मेवाली घोरत होती. साडेसातला मुलगी उठली, वही घेतली. "नुसतं बसून तरी काय करू," असं म्हणाली आणि गेली.

परतली तेव्हा बारा वाजले होते. तिने फोन लावला.

"बाबा, गाडी चुकली."

"बरं. मग उद्याची धर."

"उद्या आठचं लेक्चर आहे."

पलीकडून बाबांनी नाक शिंकरलं. "बरं," ते म्हणाले.

याला दीड वर्ष झालं. माझ्या बुडाला आता चीर गेली आहे. माझ्यात धुवायचे कपडे ठेवतात, रांगेत दुसरी बादली जाते. तक्रार नाही. नव्या मुलींना एवढंच सांगायचंय: बादली जरूर लावा, पण तिच्याशेजारी स्वतःही उभ्या राहा. जागा आम्ही धरून ठेवू. कुणी काही विचारलं तर उत्तर मात्र आम्हाला देता येत नाही. मी दोन महिने प्रयत्न करून पाहिला.