पूर्ण उंचीचे पाय

लढाईत गेलेल्या पायांच्या जागी नवे पाय करून द्यायचे, हे आमच्या कारखान्याचं काम, आणि त्याला कधी मंदी येत नाही. पाय मदतसंस्थेकडून फुकट मिळतात. मिस्त्री ते घडवतात, त्यांवर चालायला मी शिकवते. लढाई इतकी वर्षं चालली आहे की ती कुणी सुरू केली यावर भांडायचाही लोकांना कंटाळा आलाय. मला अजून आलेला नाही. मी दोन्ही बाजूंना रोज मनसोक्त शिव्या घालते.

शिडी आमच्याकडे आला तो चाकाच्या खुर्चीतून. घरं रंगवायचा, आणि छतापर्यंत शिडीशिवायच हात पोचायचा म्हणून हे नाव पडलेलं. पाणी आणायला गेला आणि वाटेत सुरुंग फुटला. दोन्ही पाय मांडीपासून गेले.

दोन्ही पाय गेलेल्या माणसाला आम्ही आधीपेक्षा बुटका करतो, ही आमची रीत. पाय आखूड असले की तोल राहतो, पडलं तरी फार लागत नाही. हे ऐकून बहुतेकजण थोडं रडतात आणि मान्य करतात. शिडी मात्र हटून बसला.

"होतो तेवढाच उंच करा."

"पडशील," मी म्हणाले.

"पडलो तर उठेन."

"उठवणार कोण? मीच ना? माझी कंबर काय सरकारी आहे?"

तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "ताई, आई येतेय."

आई पलीकडच्या बाजूला अडकली होती. इकडे तरी धडधाकट राहशील, म्हणून तिनेच त्याला ढकलून इकडे पाठवलं होतं. फोनवर तो तिला सगळं ठीक आहे असंच सांगत आला होता. आता संस्था तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना बसने आणणार होती.

"मी असा दिसलो तर ती स्वतःलाच दोष देईल. हाय खाईल ती. त्या दिवशी फक्त उभा राहू दे मला. नंतर सांगेन सावकाश."

मिस्त्री विरघळले. मी कुरकुर केली, पण मलाही आई आहे. पूर्ण उंचीचे पाय झाले. गुडघ्यांना कडी लावली की ते ताठ राहत आणि तो उभा राहू शकत असे. दोन दांड्यांमध्ये मी त्याला उभं राहायला, चालायला, वळायला शिकवलं. तो कितीदा पडला ते विचारू नका. मांड्या सोलवटल्या, तरी कण्हला नाही. मीच घरी जाऊन रडले.

बस आली त्या दिवशी तो संस्थेच्या अंगणात भिंतीला पाठ टेकून उभा होता. लांब विजार, बूट, दाढी केलेली. चालताना टेकायच्या त्याच्या काठ्या मी दाराआड लपवल्या. खरं सांगते, देखणा दिसत होता.

आई उतरली. मुठीएवढी बाई. लेकाला बघून धावलीच. छातीशी येऊन तिने हात वर केला, तो त्याच्या शर्टाच्या वरच्या गुंडीपर्यंत पोचला.

"वाक की जरा, मेल्या! तोंड बघू दे."

शिडी नुसता हसला. वाकला असता तर सरळ तिच्या अंगावर कोसळला असता. वाकायचं कसं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. आम्हाला दोघांना सुचलंच नाही.

ती हात वर धरून थांबली. मग हात हळूच खाली आला.

"रागावलायस ना? मी तुला एकट्याला घालवलं म्हणून?"

"नाही गं आई."

"मग वाकत का नाहीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? तो म्हणाला, "थांब आई. आधी मला पाय काढू दे."

मी त्याला धरून बाकावर बसवलं. त्याने विजार वर केली, पट्टे सोडले आणि पाय एकेक करून बाजूला ठेवले. आता आईच त्याच्याहून उंच होती.

मला वाटलं, किंचाळेल. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ कपाळावरून, गालांवरून हात फिरवत राहिली.

"फोनवर रोज विचारायचे, जेवलास का," ती म्हणाली. "पाय आहेत का, असं कसं रे विचारणार होते मी?"